कमी झाला की थांबला

बिराजदार सिस्टर ड्युटीवर आल्या की आधी बाटलीला भेटायच्या, मग माणसाला. हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंटच्या छातीतून एक नळी बाहेर काढलेली असते. आत साचणारं रक्त तिच्यातून खाटेखालच्या बाटलीत उतरतं, त्याला आम्ही ड्रेन म्हणतो. आम्ही डॉक्टर लोक ती बाटली उभ्याउभ्या बघायचो. सिस्टर दोन्ही गुडघे टेकून फरशीवर बसायच्या, डोळे रक्ताच्या पातळीला आणायच्या, बाटलीवरच्या चिकटपट्टीवर पेनाने आडवी रेघ मारायच्या आणि उठताना "शिवा शिवा" म्हणायच्या. दर तासाला, निवृत्तीला आलेल्या त्या गुडघ्यांनी. मी सोलापुरातल्या त्या दवाखान्यात नवा लागलो होतो. मला वाटायचं, बाईंना व्यायामाची हौस आहे.

सिस्टर अक्कलकोटच्या. घरी कानडी, वॉर्डात मराठी आणि रागात दोन्ही. 'बरं' या शब्दाला त्यांच्या वॉर्डात बंदी होती. आमच्याकडचा माणूस छातीचं हाड तारेने शिवलेलं असलं तरी, कसं वाटतंय विचारलं की "बरं हाय की" म्हणून मोकळा होतो. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "बरं हाय तर हितं कशाला आलाव? खोका बघू." खोकलं नाही तर छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पण टाके उसवतील या धास्तीने कुणी खोकायला तयार नसे. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्य सर्जननी, त्यासाठी खास उशा मागवल्या होत्या. त्या कपाटात होत्या, किल्ली स्टोअरवाल्याकडे होती आणि स्टोअरवाला रजेवर होता. सिस्टर पेशंटने घरून आणलेली चादर घट्ट गुंडाळून त्याच्या छातीशी द्यायच्या. "हिला मिठी मारा आन् खोका. बायकोसमोर लाजू नका."

त्या वर्षी व्यवस्थापकांनी दारातच मोठा फलक लावला, 'शून्य गुंतागुंत'. सहा महिने ते शून्य टिकून होतं. ही किमया ऑपरेशनच्या टेबलावर थोडी आणि नोंदवहीत जास्त घडली होती. जखमेत पू झाला की आम्ही 'किंचित स्राव' लिहायचो. ताप आला की 'तापमानात बदल'. पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं की 'नियोजित पाहणी'. या भाषेत मला चांगलीच गती आली होती. सिस्टर मात्र पू आला की पू लिहायच्या. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, जरा सौम्य शब्द वापरा." सिस्टर म्हणाल्या, "पू सौम्य झाला की वापरते की."

मग त्या शून्याचा सत्कार ठरला. सकाळी अकराची वेळ, खाली सभागृह, प्रमुख पाहुणे, समोसे. मी नवा शर्ट घातला होता. वर चार नंबरच्या खाटेवर दगडूतात्या होते, उजनी धरणाच्या काठावर मोटारपंप दुरुस्त करणारे. आदल्या संध्याकाळी त्यांची बायपास झाली होती. सकाळपर्यंत बाटलीत ताशी पन्नास-साठ मिली रक्त पडत होतं. शेवटच्या तासात काहीच पडलं नाही. मी उभ्यानेच बघितलं, 'ड्रेन कमी, प्रकृती छान' असं लिहिलं आणि तात्यांच्या बायकोला म्हणालो, "काकू, रक्त थांबलं, आता काळजी नको."

सिस्टर बाटलीसमोर बसलेल्याच होत्या. "नोड्री डॉक्टर, हिकडं बघा. ड्रेन कमी झाला की थांबला?"

"एकच की, सिस्टर."

"एक न्हाय. कमी होणारा साठाचा चाळीस हुतो, चाळीसाचा वीस. ह्यो साठाचा शून्य झालाय. रक्त थांबलं न्हाय, वाट थांबलीया."

त्यांनी नळी चोळून बघितली. काही उतरेना. तात्यांची नाडी पळत होती, रक्तदाब घसरत होता आणि मानेच्या शिरा फुगल्या होत्या. गुठळीने नळी बंद झाली होती आणि रक्त आतच साचून हृदयाला आवळत होतं. मला हे सगळं पुस्तकातून पाठ होतं. पण ते तोंडातून काढलं तर सहा महिन्यांचं शून्य माझ्या हातून फुटणार होतं. मी म्हणालो, "दहा मिनिटांत सत्कार आटपेल, मग सरांना सांगतो." सिस्टरनी ऑपरेशन थिएटरला फोन करून तयारी सांगितली, दुसऱ्या सिस्टरला खाटेपाशी उभं केलं आणि स्वतः जिना उतरल्या. मी मागोमाग गेलो.

सभागृहात व्यवस्थापक शून्याचं महत्त्व समजावत होते. सिस्टर वॉर्डातल्या चपलांनिशी थेट मंचावर चढल्या आणि सरांपाशी वाकल्या. माइक नेमका मध्ये होता.

"सर, हार काढा. चार नंबर परत उघडायला लागतंय."

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. सरांचं कौतुक एवढंच, की त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. हार व्यवस्थापकांच्या हातात दिला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावले. छाती उघडली, मुठीएवढी गुठळी निघाली आणि तात्यांचा रक्तदाब डोळ्यांदेखत वर आला. मला त्या वेळी स्वतःची भयंकर लाज वाटली. आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी तात्या चादरीला मिठी मारून खोकत होते. काय झालं होतं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यातबी असंच. मोटार पाणी टाकायची एकदम थांबली म्हंजे धरण आटलं न्हाय. पायपाच्या तोंडाला फुटवाल आसतो, त्येच्यात काय तरी आडाकलंय. ह्ये तुमास्नी शिकवत न्हाईत व्हय?" व्यवस्थापकांनी पुढे चौकशी समिती नेमली. विषय होता, माइक चालू कसा राहिला.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला मिळालेली चादर त्यांनी तिथल्या तिथे गुंडाळून दोन नंबरच्या पेशंटला दिली. फलकही त्याच सुमारास निघाला. अक्कलकोटला गेल्यावर दर गुरुवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "बाटल्या बघताय का उभ्यानंच?" मी म्हणायचो, बसून बघतो. खरंच बसून बघायचो.

यंदा मी विभागप्रमुख झालो, बैठका वाढल्या. एका गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही आला नाही. बाई आता घरात रमल्या असतील, म्हणून फोन कमी झाले, अशी मी मनाची समजूत घातली. चौथ्या गुरुवारी मी एका बाटलीसमोर बसलो होतो. रेघ मारली आणि पेन हातातच राहिलं. कमी झाले की थांबले?

तिथूनच फोन लावला. त्यांच्या भाचीने उचलला.

"आत्या गेली की, डॉक्टर. तीन आठवडे झाले. लई दम लागायचा तिला. पण कुणी विचारलं की एकच म्हणायची, बरं हाय की."