चार बॅटऱ्या

शुक्रवारी चार वाजता वायरलेसच्या डब्याचा दिवा लागला. साडेचारला भाईचा फोन आला. डबा चालू झाल्याचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की तो मस्कतला नाही, मुंबईत आहे, आठ महिने झाले.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. अब्बा तेव्हा मागच्या खोलीत खाटेवर होते. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. अब्बांचं मागणं एकच होतं, मुलाचं तोंड बघायचं. आवाज दर शुक्रवारी येत होता, पण तेवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. ओळखीच्या घरांतून आया कॉम्प्युटरसमोर बसून आखातातल्या मुलांना "जेवलास काय रे?" विचारत होत्या, हे त्यांच्या कानावर आलं होतं. आमच्याकडे भाईनेच पूर्वी पाठवलेला लॅपटॉप होता, कॅमेराही होता. घरात इंटरनेट केबलने येत होतं, पण लॅपटॉपची ती केबल लावायची खाच तुटलेली होती. तो वायरलेसवरच चालला असता, आणि वायरलेस घरात नव्हतं.

भाईने तेही पाठवलं. ऑफिस आवरताना निघालेला मोठा डबा, जुना पण मजबूत, जांभ्याच्या भिंतींनाही दाद देणार नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. डबा मुंबईहून पार्सलने आला; सुट्टीवर आलेल्या कुणीतरी तिथून पुढे धाडला, असं तो म्हणाला. पांढरा, जेवणाच्या ताटाएवढा. मी तो सगळीकडून फिरवून पाहिला. विजेची पिन लावायला त्याला जागाच नव्हती.

"त्याला वीज केबलमधूनच जाते," भाई म्हणाला. "मध्ये एक तुकडा बसवायचा असतो. तो राहिला. कुणाच्या तरी हाती पाठवतो."

आमच्याकडे आखातातून वस्तू अशाच येतात. सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत चार घरांची पुडकी असतात, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. तो आला की ज्याने त्याने जायचं, चहा घ्यायचा, आपलं पुडकं उचलायचं. भाईने सांगितलं म्हणून आधी मी पूर्णगडला एका घरी गेले. माझ्यासमोर बॅग उघडली. साबण निघाले, अत्तर, दुधाच्या पावडरीचे डबे, कुणाच्या आईचा चष्मा. आमचं नाव निघालं नाही. त्या घरची बाई मलाच धीर देत म्हणाली, "गडबडीत विसरला असेल गो. बाप्ये माणसं ती." पंधरा दिवसांनी खेडला गेले. तिथेही चहा झाला. तिथेही नाव नव्हतं. परतीच्या एसटीत मी भाईसाठी सबबी शोधत बसले होते.

मी शाळेत मराठी शिकवते. विजेतलं मला काही कळत नाही. पण वाचायची सवय आहे, म्हणून डब्यामागचा नंबर शोधून माहितीची पानं छापून आणली आणि शब्दकोश घेऊन बसले. अठ्ठेचाळीस व्होल्ट, एवढं कळलं. केबलमध्ये आठ तारा असतात आणि आपल्या कामाला त्यांतल्या चारच लागतात, हेही कळलं. मी ते अब्बांना वाचून दाखवलं, वेळ जावा म्हणून.

अब्बांचं आयुष्य मालवाहू बोटींवर विजेच्या कामात गेलं होतं. त्यांनी डोळे उघडले.

"किती म्हणालीस?"

"अठ्ठेचाळीस."

"मग अडलंय काय? बारा-बाराच्या चार बॅटऱ्या आण. एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला जोड. चार चुली एका ओळीत."

लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडून मी चार बॅटऱ्या रिक्षात घालून आणल्या. रिक्षावाल्याने विचारलं, "बाई, शाळेत लग्न आहे काय?" बॅटऱ्या खाटेखाली ओळीने मांडल्या. केबलमधल्या तारांची निळी जोडी अधिकाला, तपकिरी उण्याला. मी तारा सोलत होते आणि अब्बा खाटेच्या काठावरून बघत होते. "हात सुका ठेव. उलटं जोडशील तर डबा जाईल," असं दोनदा म्हणाले. दिवा आधी तांबडा झाला, मग हिरवा. अब्बा हसले. म्हणाले, "माझा सदरा दे. तो निळा."

मग फोन आला.

कंपनी बंद पडली होती. रिकाम्या हाताने घरी कसा येऊ, असं भाई म्हणाला. डबा त्याने मुंबईतल्या भंगारबाजारात घेतला होता आणि तुकडा मुद्दाम काढून ठेवला होता. "माझं तोंड बघितलं असतं तर अब्बांना लगेच कळलं असतं. तुला जमणार नाही असं वाटलं गो, बाय. अब्बांना सांगू नकोस."

मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

मी मागच्या खोलीत गेले. अब्बांनी सदरा घातला होता, वरचं बटण लावायचं राहिलं होतं. मी वाकून एक तार सोडवली. दिवा विझला. मी म्हटलं, बॅटऱ्या उतरल्या.

चार बॅटऱ्या तासाभरात उतरत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उतरायच्याच," आणि भिंतीकडे वळले. पुढच्या अकरा दिवसांत त्यांनी डब्याचं नाव काढलं नाही. भाईचंही नाही.

बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. मी भाईला कळवलं. आखातातल्या मुलांना बापाला माती द्यायला सहसा मिळत नाही, आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. भाई दुपारच्या गाडीने पोचला. त्याच्या बॅगेला विमानाची जुनी चिठ्ठी लटकत होती. अंगणातले लोक म्हणाले, "नशिबाचा आहे, लगेच फ्लाइट मिळाली." त्याने मान हलवली. मी दारात उभी होते. बायका कब्रस्तानात जात नाहीत. माती त्याने दिली.

चाळिसाव्याला त्याने तो तुकडा आणून टेबलावर ठेवला. साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. त्याच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं.

भाई मुंबईतच राहतो. ईदला फोन करतो, मी उचलते. बॅटऱ्या मी परत केल्या. डबा मागच्या खोलीत आहे. ठोकळा मी लावलेला नाही.