मुराळ्याशिवाय सिरसाळ्याला

सासरी नांदणाऱ्या बाईला न्यायला माहेराहून जो माणूस येतो त्याला मुराळी म्हणतात. मुराळी भाऊ असो, चुलता असो, नाहीतर दोन्ही डोळ्यांनी अधू झालेला मामा असो, तो पुरुष असला म्हणजे झालं. त्याच्यासोबत गाडीत बसलेली बाई माहेरवाशीण ठरते. मुराळ्याशिवाय गाडीत बसलेली बाई काय ठरते याचा शोध मी लावला. तोवर आमच्या मुलखात कुणाला तो लावायची गरज पडली नव्हती.

निजामाच्या अमलातली गोष्ट. आमचं घर आंबेजोगाईत. सरकारी कागदांवर गावाचं नाव मोमिनाबाद होतं, पण ते कागदापुरतं. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन मराठीत जांभया द्यायचे. ओरडणं, संशय घेणं, जाब विचारणं असल्या नवरेपणाच्या कर्तव्यांत त्यांनी जन्मभर कसूर केली. मी चिडून दहा वाक्यं बोलले की ते म्हणायचे, "बरं." मग भांडण एकटीनं किती वेळ चालवणार?

त्या वर्षी शिमगा सरला आणि बांगड्या भरायला आलेल्या कासारणीने माझा हात दाबता दाबता बातमी सांगितली. सिरसाळ्यात दिलेल्या माझ्या मैत्रिणीचा नवरा दुसरं लग्न करत होता. मैत्रिणीला मूल झालं नव्हतं, आणि अशा बाबतीत नवऱ्यातही काही कमी असू शकतं असा विचार करायला तेव्हा जणू सरकारी बंदी होती.

"आन ती काय म्हनती?" मी विचारलं.

"ती कुटं काय म्हनती? बोलतच न्हाई आता. बांगडी चढवाया हात धरला तर नुसती हाडं."

ही मैत्रीण मूळची घाटनांदूरची, आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. एका विहिरीत आम्ही पोहायला शिकलो आणि एकाच दिवशी त्याबद्दल मार खाल्ला. तिचे आईबाप गेल्यावर माहेर म्हणावं असं तिला काही उरलं नव्हतं. ती बोलत नाही हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना. लग्नाआधी तिला गाठायचं, एवढं मी ठरवलं. गाठून काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

अडचण अशी, की बाईने मैत्रिणीला भेटायला जाणं हे कुणाच्या गणतीतच नव्हतं. भाऊ चालतो, मावशी चालते, देव चालतो. म्हणून मी भावाकडे जाते असं जाहीर केलं. घाटनांदूरला भाऊ, तिथून परळीला मावशी, आणि मग परळीहून पुढे सिरसाळा. न्यायला ये, असा भावाला निरोप धाडला. त्याला आधी गहू काढायचा होता, मग मळायचा होता, आणि मग बहुतेक त्या गव्हाकडे बघत बसायचं होतं. इकडे लग्नाची तिथी जवळ येत होती आणि आमच्या गड्याला नेमका ताप भरला.

"दमणी मीच हाकत जाऊ का?" मी ह्यांना विचारलं. दमणी म्हणजे आमची माणसं बसायची हलकी बैलगाडी. बापाच्या शेतावर मी बैल हाकायला शिकले होते.

हे तोंडावर उपरणं घेऊन पडले होते. उपरण्याखालून आवाज आला, "जा की."

सासूबाईंनी दोन्ही पोरं आनंदाने ठेवून घेतली. माझ्या हातात ती बिघडतात याबद्दल त्यांची खात्री होती. अशा रीतीने घरातल्या सगळ्यांच्या संमतीने, लुगड्यांची पेटी गाडीत टाकून मी निघाले.

वाटेत भेटेल तो एकच गोष्ट विचारायचा, "बाई, गाडीवान कुटं गेला?" पहिल्या काहींना मी खरं सांगितलं. त्यांनी थांबून झाडाखाली पाहिलं, ओढ्यात पाहिलं. एकाने तर मोठ्याने हाकाही मारल्या. पुढे मी "मागून येतोय" म्हणायला लागले. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

घाटनांदूरला भावाच्या दारात गाडी उभी केली तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता माझ्यामागे बघत होता. गाडीतून अजून कुणी उतरेल अशी त्याला आशा होती.

"पोरं कुटायत?" त्याने विचारलं.

"ठेवली सासूबाईंकडं."

वहिनीने भावाकडे पाहिलं. पोरं काढून घेतली, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

"आन ही पेटी?"

"लुगडी हायत."

मग तर प्रश्नच मिटला. वहिनीने पाणी आणलं, तेही गूळ घालून. माझ्या पानात तूप वाढताना जिचा हात कायम आखडायचा, त्या वहिनीने त्या दिवशी वरणात तूप नव्हे, तुपात वरण वाढलं. जेवून उठते तोच ओसरीवर चुलते आणि भावकीतली चार पागोटी येऊन बसली होती.

"आक्का, खरं सांग," भाऊ खाली बघत म्हणाला. "मालकानं हात उचलला?"

"त्यांना स्वतःचं उपरणं उचलायचा कंटाळा हाय."

"मंग तूच काय तरी बोलली आसशील," चुलते म्हणाले.

"भांडनच झालं न्हाई."

"भांडन न होता सोडून आली?" चुलत्यांचा आ मिटेना. भांडून आलेली बाई त्यांना समजत होती. तिला रागवायचं कसं, समजवायचं कसं, परत पोचवायचं कसं, सगळं ठरलेलं होतं. न भांडता आलेल्या बाईवर मात्र त्यांच्याकडे इलाज नव्हता.

सकाळी भावाने माझ्या नकळत आंबेजोगाईला माणूस धाडला, आमच्या ह्यांचे पाय धरायला. नंतर मला कळलं, की ह्यांनी त्याला जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं, "मीच जा म्हणालो होतो की" एवढं बोलले आणि झोपले. त्या माणसाने परतून सांगितलं, "जावईबापूंच्या मनाला लई लागलंय. धड बोलतसुदीक न्हाईत."

तोवर मला हसू येत होतं. पण मी पुढे सिरसाळ्याला जाणार म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "तिकडं कावून जातीस? लग्नाचं घर हाय. आशा वक्ती तुझं जानं बरं दिसंल का?" धाकट्या भावाच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. कपाळावर माझं कुंकू शाबूत होतं, नवरा घरी स्वस्थ घोरत होता, आणि तरी एका मुक्कामात मी अशुभ झाले होते. मला परत कुणी आणि कसं पोचवायचं यावर ओसरीत मसलत चालली होती. ती चांगली रंगात आली तेवढ्यात मी बैल जुपले.

माझ्याआधी माझी कीर्ती परळीला पोचली होती. मावशीच्या यजमानांचं किराणा दुकान होतं आणि ते मापात हात आखडता घ्यायचे. मावशीचं सल्ल्याचं दुकान होतं, तिथं माप सांडून वाहायचं. तिने मला घरात पाऊल ठेवू दिलं नाही. आधी वैजनाथाच्या देवळात नेलं, पायऱ्यांवर डोकं टेकवायला लावलं आणि देवाला सगळी हकिगत स्वतःच सांगितली. ती ऐकल्यावर मलासुद्धा माझ्याबद्दल वाईट वाटलं.

"बाईनं पडतं घ्यावं," घरी आल्यावर ती म्हणाली. "मी जन्मभर पडतं घेतलं का न्हाई?"

पलीकडे दुकानात काकांच्या हातून तागडी निसटली.

मी शपथ घेतली, सासूबाईंची शपथ घेतली, ह्यांच्या झोपेची शपथ घेतली. उपयोग शून्य. माझी गोष्ट कुणालाही न सांगायची ताकीद मावशीने आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन दिली. त्यामुळे दुपारभर बाया मला बघायला येत राहिल्या. कुणी विरजण मागायला आली, कुणी सुई. शेजारची एक तरणी सून मात्र काही न मागता सरळ बैलांपाशी जाऊन उभी राहिली.

"बाईमानसाचं ऐकत्यात का हो हे?" तिने मला विचारलं.

"घरच्या मानसांपेक्षा बरं ऐकत्यात."

ती हसली नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत थोडा वेळ उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. तिला तसं जाताना बघून मी अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच सिरसाळ्याची वाट धरली.

सिरसाळ्यातलं ते घर जमीनदाराचं. दारात मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या, भिंतींना नवा चुना लावला होता. मैत्रिणीची सासू ओसरीवर बसून गव्हातले खडे काढत होती. मैत्रीण आत जात्यावर होती. नवऱ्याच्या लग्नाची हळद दळत होती. शास्त्रापुरता पाच सवाष्णींनी जात्याला हात लावला होता, उरलेली सगळी हळकुंडं हिच्या वाट्याला.

"आमची सून लई मोठ्या मनाची," सासू मला म्हणाली. "सवतीची हळद सोताच्या हातानं दळतीया. आपली खोलीबी तिनं सवतीसाठी रिकामी केली. आता धान्याच्या खोलीत निजती."

एवढं मोठं मन त्या घरात मावत होतं हेच नवल. मी त्या म्हातारीला काही बोलले असते, पण मला आत जायचं होतं.

मैत्रिणीने जातं थांबवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि हातांत खरंच नुसती हाडं होती. मी तिला काय काय विचारायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. तिच्याजवळ बसले आणि मला हुंदका आला. ती रडली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग खूप दिवस न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "बाजारात बोलत होते. तू सोडून आलीस म्हनं."

नकार माझ्या ओठांवर तयारच होता. घाटनांदूरपासून मी दुसरं काही बोललेच नव्हते. पण ती पुढे सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "मंग काय झालं?"

"कशाचं?"

"सोडल्यावर. काय झालं?"

ती स्वतःसाठी विचारत होती. ज्या बातमीवर माझ्या भावाने मान खाली घातली आणि मावशीने देवाला वेठीस धरलं, ती ऐकून या एका बाईच्या डोळ्यांत जीव आला होता. मी तो विझवू शकले नाही.

"व्हय," मी म्हणाले. "सोडलं. काय बी झालं न्हाई. बैल जुपले आन निघाले. भाकर पहिल्यासारखीच गोड लागती."

"तुला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. वाटत वाटतच आले."

दारातून सासू सगळं ऐकत होती. नवरा सोडलेली बाई लग्नघरात, आणि तीही हळदीपाशी! म्हातारीने कुंकवाचा करंडा लगबगीने आत नेला. सवाष्ण घरी आली तर कुंकू लावून पाठवायची रीत, ती त्या दिवसापुरती रद्द झाली. मग ती सुनेला म्हणाली, "जा, येशीपातूर घालवून ये हिला. गेलेली बघूनच माघारी फिर."

मैत्रीण उठली. हात न धुता, अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत येऊन बसली. म्हातारी दारात उभी राहून माझ्या जाण्याकडे लक्ष ठेवून होती, त्यामुळे सुनेच्या जाण्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

वेशीपाशी मी कासरा ओढला. मैत्रीण उतरली नाही. मीही तिला उतर म्हणाले नाही. जरा वेळाने बैल आपणच चालायला लागले, आणि वेस मागे पडली.

सिरसाळा दिसेनासा झाला तेव्हा तिने विचारलं, "आता जायचं कुटं?"

"माझ्या घरी. आंबेजोगाईला."

"घरी?" ती माझ्याकडे वळली. "ते तर सोडलंस ना?"

आता खोटं चालणार नव्हतं. "न्हाई सोडलं," मी म्हणाले. "कुनी टाकलं न्हाई, कुनी मारलं न्हाई. ह्यांना इचारून आले. लोकच तसं म्हनाय लागले."

ती पिवळे हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसली. मला स्वतःची भयंकर भीती वाटली. माझ्या भरवशावर, जे मी केलंच नव्हतं ते ही करून बसली होती. मी भर उन्हात गाडी उभी केली. "अजून येळ हाय," मी म्हणाले. "माघारी सोडू का? घालवाया लांबपातूर गेलते म्हनून सांग."

तिने बैलांकडे पाहिलं. मग कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाली, "थांबलीस कावून?"