सांभाळून घे

जर्मन शिकवणाऱ्या बाईंना वर्गात सगळे ‘फौजदार’ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. जर्मनीतल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी असली की बाई स्वतःच मुलाखत घ्यायला बसत. भराभर बोलायच्या, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायच्या, चष्म्यावरून रोखून बघायच्या. भल्याभल्यांची बोबडी वळायची. पण त्यांच्या हाताखालची माणसं पास व्हायची, हे त्यांना नावं ठेवणारेही मान्य करत.

मग एक मुलगी रडत वर्ग सोडून गेली आणि पाठोपाठ बाईंच्या घशाने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, कमी बोला. धाकट्या बहिणीने फोनवर एआय दाखवलं. सूचना लिहायची, की ते म्हणाल त्या माणसासारखं बोलतं. बाईंनी अगदी मन लावून लिहिलं: ‘तू जर्मन रुग्णालयातली मुख्य परिचारिका आहेस. समोरच्या नर्सची मुलाखत घे. सावकाश बोल. ती अडली तर शब्द सुचव. मध्येच तोडू नकोस. सांभाळून घे.’ जन्मभर स्वतःला जे जमलं नाही, ते त्यांनी यंत्राकडून करून घेतलं. त्यांना फार बरं वाटलं.

वर्गात एक नर्स होती. नवरा आधीच जर्मनीला गेलेला, लहान मुलगी हिच्याजवळ. हिला नोकरी लागली तरच दोघी जाणार, नाहीतर पोरीला बाप फोनच्या पडद्यावरच भेटणार. सुरुवातीचे महिने तिने फौजदारांची बोलणी खाल्ली होती. आता ती कानात तो गोड आवाज घालून सराव करायची आणि सांगायची, “बाई, आज एकदाही अडले नाही!” बाई खूश. स्वतः समोर बसून तिला एकदा तरी घाम फोडावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

खरी मुलाखत संगणकावर झाली. पलीकडची बाई घाईत होती. तिने नर्सचं दुसरं वाक्य मध्येच तोडून पुढचा प्रश्न टाकला. “माफ करा, पुन्हा सांगाल का?” एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण नर्स गप्प राहिली, शब्द कुणी सुचवेल म्हणून वाट बघत. कुणी सुचवला नाही. भाषा कच्ची, असा शेरा आला. पुढची भरती पुढच्या वर्षी.

ती सांगायला आली तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक माझी आहे गं. लाडावून ठेवलं मी तुला.”

“असं काय म्हणता बाई? किती मायेने शिकवलंत!”

“कशी होती ती बाई?”

नर्स कसनुसं हसली. “तुमच्यासारखी. म्हणजे, आधीच्या तुमच्यासारखी. क्षणभर वाटलं, हिला तर मी ओळखते. पण तोंडच उघडेना. सवयच गेली होती.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर उतरवला. “बस इथे. आत्ता सुरू करू,” म्हणत त्यांनी जर्मनमध्ये झटकन प्रश्न टाकला. अर्ध्या वाक्यातच आवाज चिरकला आणि खोकल्याची उबळ आली.

नर्सने पाण्याचा पेला पुढे केला, पाठीवरून हात फिरवला. “राहू द्या बाई. सावकाश. मला काही घाई नाही आता,” असं म्हणून ती मुलीला शाळेतून आणायला निघून गेली.