उशीच्या अभ्र्यातलं

पालमच्या बसम्माच्या डोक्याला ताप होता तो एकुलत्या एका पोराचा. आता पोरगं काही वाईट होतं म्हणता? छे! श्रीशैल म्हणजे सदतीस वर्षांचा सरळ माणूस. बसस्टँडसमोर बियाण्या-खताचं दुकान, जिभेवर गोडवा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. बायको त्रिवेणी समजूतदार, मुलगी नीलम चौथीत. चारचौघींनी हेवा करावा असं सगळं होतं. पण त्या पोराच्या गळ्यात इष्टलिंग नव्हतं, आणि ही गोष्ट बसम्मानं अख्ख्या पालममध्ये कुणाला कळू दिली नव्हती.

लिंगायताच्या घरात लेकरू जन्मलं की जंगम गुरू येतो आणि त्याच्या गळ्यात लिंग बांधतो. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, सुपारीएवढं. ते मग जन्मभर अंगावर. रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, तेव्हा कुठं पाण्याचा घोट. शेवटी माती देतात तीही ते तळहातावर ठेवूनच. बसम्माचा नवरा वीरुपाक्ष तीन वर्षांखाली गेला, तो तसाच गेला.

अठरा वर्षांपूर्वी श्रीशैल परभणीला होस्टेलात राहून शेतकीचं शिकत होता. दिवाळीला घरी आला, धुण्याचं बोचकं आईसमोर टाकलं आणि हुंदडायला गेला. बसम्मानं निळी पँट बादलीत बुडवायच्या आधी खिसे चाचपले. एक एसटीचं तिकीट निघालं, आणि त्याच्यासंगं दोऱ्यासकट ते पांढरं फडकं. पोरानं लिंग काढून खिशात टाकलं! शहरात गेला, चार बुकं वाचली, आणि देव नकोसा झाला, असंच तिनं धरलं.

विचारलं का? नाही. विचारलं असतं तर वीरुपाक्षाच्या कानावर गेलं असतं, आणि त्या तापट माणसानं पोराला उभं चिरलं असतं. ‘आज ना उद्या तोच मागंल,’ असं म्हणून तिनं ते ठेवून घेतलं. त्यानं मागितलं नाही. हिनं काढलं नाही. दोघंही एका मुशीतली! मग काय, बसम्मा पहाटे चारला उठायची, आधी स्वतःच्या लिंगाची पूजा करायची, मग पोराच्या. दोन्ही झाल्याशिवाय पाणी नाही. अठरा वर्षं, एक दिवस चुकला नाही. देवघर त्रिवेणीच्या हातात, कपाटाच्या किल्ल्या त्रिवेणीकडं, म्हणून तिनं जागा शोधली ती स्वतःच्या उशीच्या अभ्र्यात. तिची उशी तीच धुवायची, दर रविवारी.

आणि अशा बाईला म्हणे हैदराबादला चला!

झालं असं की श्रीशैलनं यंदा जिल्ह्यात सगळ्यात जास्त कापसाचं बियाणं विकलं. कंपनीनं सगळीकडच्या दुकानदारांचा मेळावा ठेवला होता, शहराच्या ऐन मधोमध एका बावीस मजली हॉटेलात. दोन रात्री फुकट, घरच्यांसकट. बक्षीस घ्यायला स्टेजवर अख्ख्या कुटुंबानं जायचं. बसम्मानं गुडघे पुढं केले, म्हशीचं निमित्त सांगितलं, पण श्रीशैल हटून बसला. “आप्पा असते तर आप्पाला नेलं असतं,” तो म्हणाला. “आता तू तरी चल. तुझा हात धरून जायचं हाय मला स्टेजवर.”

असं म्हटल्यावर कुठली आई घरी बसेल? कमरेच्या बटव्यात ते फडकं खोचून ती रेल्वेत बसली.

हॉटेलात पाऊल टाकल्यापासून तिला चैन पडेना. चौदाव्या मजल्यावरची खोली, चौघांत एक. खिडकी एवढी मोठी, पण उघडायची सोय नाही. पायाखाली लोकरीसारखा मऊ गालिचा, त्याच्यावर तिला नीट उभंच राहता येईना. थंडी अशी की ती दोन लुगडी पांघरून बसली. नीलम गादीवर उड्या मारत होती आणि बसम्मा दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होती.

“आत्याबाई, बसा की जरा,” त्रिवेणी म्हणाली.

“बसून बसून काय करू माय? ना अंगण, ना वारा.”

निजताना सवयीनं फडकं उशीच्या अभ्र्यात गेलं. पहाटे उठली, कोपऱ्यात स्वतःची पूजा उरकली. दुसरं बाहेर काढणार तोच त्रिवेणी जागी झाली. मग नीलम. मग श्रीशैलनं घाई लावली, आठला उद्घाटन, सगळ्यांनी खाली! खोली रिकामी झाली की करू, असं ठरवून बसम्मानं आपला पलंग आपणच आवरला. चादर ताणली, उशी जागच्या जागी ठेवली, कुणाला हात लावायचं कारणच उरू नये म्हणून. तिला बिचारीला काय ठाऊक, ही माणसं एका रात्रीत अभ्रे बदलतात! एका रात्रीत उशी मळून मळून किती मळते हो?

खाली भाषणांवर भाषणं. दुपारी जेवणाला साठ तऱ्हेचे पदार्थ मांडलेले, आणि बसम्मा कोरडं ताट मांडीवर घेऊन बसलेली.

“आई, कामून खाईनास?”

“उपास हाय.”

“आज कसला उपास? पाणी तरी पी.”

“पिते नंतर. तू जा तुझ्या लोकांत.”

जीभ टाळ्याला चिकटली होती, पण नजर सारखी लिफ्टकडं. अडीच वाजता नीलमची चित्रांची स्पर्धा लागली आणि त्रिवेणी तिच्याबरोबर हॉलात थांबली. त्याआधी नीलमनं आजीला वर सोडलं, किल्लीच्या कार्डानं दार उघडून दिलं आणि ते कार्ड घेऊन पळाली. सुटले रे बाबा, म्हणत बसम्मानं हातपाय धुतले, विभूती लावली, उशी ओढली आणि अभ्र्यात हात घातला.

हाताला काहीच लागलं नाही.

अभ्रा कोरा करकरीत, घडीच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. तिनं दुसरी उशी बघितली, तिसरी, चौथी. चादर उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग तिनं कपाळावर हात मारला आणि तशीच त्या गालिच्यावर बसली. अठरा वर्षं जपलं आणि एका सकाळीत घालवलं! नवऱ्याचं गेलं तेव्हा त्याच्याबरोबर मातीत गेलं, त्याचं दुःख होतं पण रीत होती. हे कुठं गेलं? साबणाच्या पाण्यात? गटारात? आणि सांगणार कुणाला? ज्याचं हरवलं त्याला ते आपल्याकडं होतं हेच माहीत नाही.

रडून भागणार नव्हतं. ती उठली आणि बाहेर पडली. मागं दार आपोआप लागलं, कार्ड नीलमजवळ. आता परत जायची वाटही बंद! दूरवर एक पोरगी चादरींनी भरलेली ढकलगाडी नेत होती. बसम्मानं तिला गाठून उशीची खूण केली, अभ्र्याची खूण केली. पोरीला मराठी कळेना, हिला तेलुगू. शेवटी पोरीनं बोट जमिनीकडं केलं. म्हणजे खाली, तळघरात.

लिफ्ट कार्डाशिवाय हलेना. तेव्हा ती जिन्यानं निघाली. चौदा मजले, हो! कठड्याला धरून, एकेक पायरी, गुडघ्यातनं कळा येत होत्या आणि घसा सुकला होता. मधेच बसायची, परत उठायची. साठी उलटलेल्या त्या बाईला बघून वर जाणारा एक वेटर बाजूला झाला, पण तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

तळघरात मोठाले डबे धाडधाड फिरत होते आणि वाफेनं जीव गुदमरत होता. चादरींच्या ढिगाऱ्यामागनं पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पुढं आला. “अम्मा, इधर कायकू आए? क्या गुमा?”

पालमच्या बाजारात अर्धा जन्म गेलेला, ही बोली तिला परकी नव्हती. “चाचा, तकिये के गिलाफ में एक सफेद पोटली थी. छोटी. मशीन में डाले क्या तुम?”

म्हातारा तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिला. “गले में डालने की चीज थी ना वो? मेरे हाथ को लगी. मशीन में कैसे डालूँ, बोलके अलग रख दिया था. ऊपर दफ्तर में दे दिया, अम्मा. मिल जाती, रोओ नक्को.”

तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. तिनं त्याच्यापुढं हात जोडले, त्यानं घाईघाईनं ते खाली केले आणि स्वतः तिला वरच्या दफ्तरापर्यंत सोडायला आला.

दफ्तरात काळ्या कोटातली एक मुलगी. तिनं कपाटातनं प्लास्टिकची पिशवी काढली, वर खोलीचा नंबर लिहिलेला, आत ते पांढरं फडकं. बसम्मानं हात पुढं केला. मुलीनं पिशवी मागं घेतली.

“माँजी, कमरा किसके नाम पे है?”

“बेटे के. मेरे पेट का बेटा है!”

“तो उनको साइन करना पड़ेगा. नियम है.”

बसम्मानं विनवलं, चिडली, परत विनवलं. मुलगी गोड हसली आणि फोन उचलला. कुणाला केला हे काय सांगायला हवं! आता आणखी कठीण प्रसंग. पिशवी हाताच्या अंतरावर, आणि बसम्मा दारापासून टेबलापर्यंत फेऱ्या मारतेय, इकडं पोरगं येऊ नये असंही वाटतंय आणि लवकर यावं असंही.

श्रीशैल धावतच आला, कोट, डोक्याला कंपनीनं बांधलेला फेटा. “आई! पाचला आपलं नाव पुकारायलेत. पाच मिनटं राहिलीत. त्रिवेणी समदीकडं हुडकायली तुला, आन तू हितं? काय हरवलं?” मग त्याची नजर पिशवीवर गेली. “लिंग? तुझं लिंग हरवलं? मग सकाळपासून पाणी न्हाई ते ह्याच्यापायी व्हय! सांगायचं नव्हतं का मला?”

मुलीनं कागद पुढं केला. त्यानं उभ्या उभ्याच भरायला घेतला. वस्तू, लिहिली. खोली, लिहिली. वस्तू कुणाची? त्यानं लिहिलं, बसम्मा वीरु...

बसम्मा बघत होती. गप्प राहिली असती तर काम झालं असतं. पिशवी मिळाली असती, फडकं परत उशीत गेलं असतं, आणखी अठरा वर्षं निघाली असती. पण लिंगाच्या नावानं खोटं लिहायचं, आणि तेही पोराच्याच हातनं? ते तिच्यानं झालं नाही.

“थांब,” ती म्हणाली. “खोड ते. माझं माझ्या गळ्यात हाय.” आणि तिनं पदराखालचा दोरा बाहेर काढून दाखवला.

“मग हे कुणाचं?”

“दिवाळीला आला होतास तू परभणीहून. निळी पँट होती. खिशात होतं. तवापासून रोज दोन पुजा करते, माझी आन ह्याची.”

श्रीशैलचा पेन कागदावरच थांबला. वर हॉलात भोंग्यावर नाव पुकारलं, “तालुका पालम, जिल्हा परभणी!” टाळ्या झाल्या. तो हलला नाही.

“तुज्याकडं होतं?” तो म्हणाला. “आई, म्या व्हॉलीबॉल खेळायला काढून खिशात ठेवलं होतं. बस, तेवढंच. मला वाटलं हरवलं. होस्टेलची सगळी खोली उलटीपालटी केली. दुसरं बांधून घ्यायला जंगमाकडं गेलो असतो तर आप्पाला कळलं असतं. तुज्यासमोर सदऱ्याची बटनं उघडायचीसुदिक भीती वाटायची मला.”

“म्हंजी तू टाकलं नव्हतंस?”

“टाकीन कसं गं?”

बसम्मानं टेबल धरलं. अठरा वर्षं तिनं पोराला मनातल्या मनात दोष दिला होता, आणि त्याचं लिंग दाबून ठेवलं होतं कुणी, तर तिनंच! “मीच ठेवलं की रे तुला रितं,” ती म्हणाली. “मेली माजी जीभ. एकदा विचारलं असतं तर!”

“मी तरी कुठं विचारलं,” तो म्हणाला. त्यानं आईचं नाव खोडलं, स्वतःचं लिहिलं आणि सही केली. मुलीनं पिशवी दिली. भोंग्यावर दुसऱ्यांदा नाव आलं.

बसम्मानं फडकं बाहेर काढलं. श्रीशैलनं आपणहून डावा तळहात पुढं केला. काही विसरला नव्हता तो. तिनं ते आधी तिथं ठेवलं, मग दोरा घेतला, आणि त्यानं फेट्यासकट मान वाकवली. टायखाली, सदऱ्याच्या आत, तिनं गाठ मारली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

“चल,” तो डोळे पुसत म्हणाला, “आधी पूजा करून घे ह्याची. पाणी न्हाई दिवसभर तुला. स्टेज राहू दे.”

“मी कामून करू? आता त्याचा धनी आला,” बसम्मा म्हणाली. “तुज्या पुजेचं तू बग. माजी सकाळीच झाली.”

मग तिनं त्या मुलीच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली, आणि दुसरा मागितला.