बोडीवरचं ग्राउंड

बोडीत राख ओतलेली पाहिली त्या दिवशी घनश्याम डोंगरवारला घास गिळवला नाही.

सानगडीच्या बाजारापासून सायकलच्या टप्प्यावर त्याचं गाव. गावाच्या उगवतीला ही बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारा लहानसा तलाव. तिच्यात शिंगाडे व्हायचे, थंडीत बदकं उतरायची, पाच-सहा घरांचं धान तिच्या पाण्यावर तरायचं. घनश्याम आणि त्याची बायको कलाबाई भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस भंडाऱ्याला काय गेले, तेवढ्यात कोण्या राईस मिलची काळी राख ट्रॉल्या भरभरून बोडीत येऊन पडली होती. राखेवर मुरूम, मुरमावर रोलर. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, क्रीडा मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव यांचा हात जोडलेला हा मोठा फोटो आणि खाली 'भव्य कबड्डी स्पर्धा'. कडेच्या उरल्यासुरल्या डबक्यात मासे पोट वर करून तरंगत होते, आणि फलक बांधणारे पोट्टे तंबाखूचा खर्रा चघळत नेमके त्या माशांवरच थुंकत होते. घनश्यामला शिसारी आली.

तसं पाहिलं तर कबड्डीवर त्याचं प्रेम गावात कोणाहूनही कमी नव्हतं. ऐन उमेदीत तो पंचक्रोशीत नावाजलेला चढाईपटू होता. पण चोविसाव्या वर्षी गुडघा गेला, आणि हारतुरे घालणारे लोक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गळ्यात हार घालायला गेले. तेव्हा त्याला कळलं की आपल्याला तीस सेकंद दम धरण्यापलीकडे जगातलं काही म्हणता काही येत नाही. बँकेचा साधा फॉर्म भरायचा तर शेजाऱ्याच्या पोराला हाक मारावी लागायची. त्या लाजेची चव त्याच्या तोंडातून कधी गेली नाही.

म्हणून दोन्ही पोरं, अकरावीतला प्रविण आणि आठवीतला बंटी, मैदानाचं वेड घेऊनच जन्मली तेव्हा त्यानं अडवलं नाही. एकच नियम घातला. सामना खेळून घरी आलं की कप नंतर दाखवायचा. आधी ज्या गावात खेळला तिथला एक प्रश्न आणायचा, कोणाला तरी विचारून त्याचं उत्तरही आणायचं.

"अन् 'मले मालूम नोयतं' असं म्हटलं तं चालन, पण 'मले प्रश्नच नाई पडला' असं म्हटलं तं उद्या प्रॅक्टिस बंद," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नियम पोरांना आधी जाच वाटला, मग गोडी लागली. तुमसरहून प्रविण उसना, म्हणजे उकडा, तांदूळ पिवळसर का दिसतो ते गिरणीच्या हमालाला विचारून आला. भंडाऱ्याला बंटी पितळी भांड्यांच्या दुकानात इतका वेळ चौकशी करत बसला की एसटी चुकली. पण पितळ खाणीत सापडत नाही, ते तांबं आणि जस्त वितळवून करतात, हे त्यानं घरी येऊन मायला असं सांगितलं जणू शोध त्यानंच लावला. बाकीच्या पोट्ट्यांना दंडाच्या बेडकुळीपुढं काही दिसत नव्हतं. त्यांच्याकडं पाहून घनश्याम तोंड वाकडं करायचा आणि मनातून फुगायचा. आपली पोरं तशी नाहीत.

आणि आज ही बोडी.

तो घरी आला तर प्रविण अंगणात बूट पुसत होता. डोळ्यांत नुसती चमक.

"बाबा, पाहिलं का ग्राउंड? मॅट येऊन राहिली नागपूरवरून! आयतवारी फायनल. मी कॅप्टन."

"बोडी कोठं गेली?"

प्रविण बूट पुसत राहिला.

"तुमसरचा तांदूळ पिवळा काहून, हे विचारतं तू. घरापुढचं पाणी कोठं गेलं, हे नाई विचारलं?"

"सगळ्यायले ग्राउंड पायजे होतं, बाबा..."

"सगळ्यायले!" घनश्याम कडाडला. "मधुकररावले आपला फोटो पायजे होता, मिलवाल्याले राख फेकाले जागा पायजे होती, अन् तुमाले उड्या माराले! तुमच्या त्या मॅटखाली मासे मरून पडले हायेत. थू! इतके वर्षं मी काय भिंतीले शिकवलं?"

कलाबाई दारात आली. "पोराले कायले बोलता जी? त्यानं थोडीच बुजवली?"

"मंग कोणी बुजवली? गावाच्या ठरावाशिवाय ट्रॉली येते का? जा, पंचायतीत जाऊन पाहा. ठरावावर कोण्या कोण्या नंदीबैलाच्या सह्या हायेत ते लिहून आण. तोच तुहा प्रश्न. ते आणल्याबिगर आयतवारी मॅटवर पाय ठेवला तं माहाशी बोलू नको."

ही फायनल पाहायला जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे येणार होते, घनश्यामलाही ते माहीत होतं. पण त्याला त्या क्षणी पोराचीसुद्धा किळस आली होती. आपण तयार केलं ते हेच असेल तर नको तो संघ आणि नको ती निवड.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रविण वही घेऊन आला. बरोबर बंटी. दोघांचेही चेहरे उतरलेले. घनश्याम ओसरीवर बसला होता, कलाबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"वाच," तो म्हणाला.

प्रविण वाचू लागला. प्रत्येक नावाला घनश्यामचा शेरा तयार होता. इश्वर? "त्याले दारूपुढं काय दिसते!" उषाबाई? "मोठी जाऊ म्हणन ते करते." पंधरा झाली, वीस झाली. पंचायतीचा चपराशी नत्थू सभेला माणसं जमली नाहीत की रजिस्टर काखेत मारून घरोघरी, पानठेल्यावर, मैदानावर हिंडतो आणि सह्या गोळा करतो, ही गावची जुनी रीत. वरची जागा कोरी असते, ठराव मागून लिहिला जातो. "मेंढरं सारी," घनश्याम म्हणाला. "बोट दाखवलं का अंगठा."

एकतिसावं नाव वाचून प्रविण थांबला.

"काहून थांबला? वाच."

"बत्तीस. घनश्याम डोंगरवार. तेहतीस. कलाबाई घनश्याम डोंगरवार. दोन्ही सह्या एकाच अक्षरातल्या हायेत, बाबा."

सूप थांबलं. कलाबाईनं मान वर केली.

"मी कवा गेली होती जी सभेले?"

घनश्यामला आठवलं. पौषातली दुपार. लाखनीकडच्या एका गावात प्रविणचा सामना ऐन रंगात आलेला, आणि तिथंच गर्दीतून वाट काढत आलेला नत्थू. 'पोट्ट्यायच्या ग्राउंडाचं काम हाये, भाऊ.' घनश्यामची नजर प्रविणच्या चढाईवर होती. बँकेचा फॉर्म भरता येत नव्हता त्या माणसाला आता झोकात सही येत होती. एक आपली, एक बायकोची, दोन्ही त्यानं मांडीवर रजिस्टर ठेवून करून टाकल्या होत्या. पानाकडं पाहिलंही नव्हतं.

कालपासून तोंडात साठलेली सगळी थुंकी आता कुठं टाकावी ते त्याला कळेना.

"आज माहा प्रश्न इथलाच हाये, बाबा," प्रविण म्हणाला. आवाजात कुचकेपणा नव्हता, आणि तेच घनश्यामला सोसेना. "सही केली तवा तुमी नत्थूकाकाले काय विचारलं?"

बंटीही बापाकडं पाहत होता. नियम त्याच घरातला होता. उत्तर द्यावंच लागणार होतं.

"विचारलं ना," घनश्याम खालमानेनं म्हणाला. "सही कोठं करू, म्हणून विचारलं."