जयाताईची यादी

सेलूजवळच्या मळ्यात जया सकाळभर मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधते आणि मंगळवारी दुपारी हात धुऊन मोबाइलवर यादी लिहायला बसते. एकांकिका स्पर्धा कुठे आहे, अर्जाची शेवटची तारीख काय, कुठल्या शिबिरात राहायची सोय आहे, कोणाला ढोलकीवाला हवा आहे, हे सगळं त्या यादीत असतं. वर्धा जिल्ह्यातले दीडेकशे नाटकवेडे तिच्यावर विसंबून असतात. स्वतः चौकशी करायचा आळस या मंडळींच्या अंगात पुरता मुरलेला आहे. जयाताईच्या यादीत नाही म्हणजे ते कुठेच नाही.

नऊ वर्षं हे चाललंय. या नऊ वर्षांत स्टेजवर जयाच्या वाट्याला चार आया, दोन मावश्या आणि एक प्रेत आलं. प्रेताचं काम झकास झालं, असं लोक अजून सांगतात. ती हसते, पण तिला ते लागतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी आदेशचा निरोप आला. आदेश मूळचा सिंदीचा, आता नागपुरात नाटकं बसवतो. नवं नाटक, सगळं वऱ्हाडीत, मुख्य पात्र चाळिशी ओलांडलेली बाई, पंधरा प्रयोग. निवड सेवाग्रामला. सोबत दोन पानांचा प्रवेश आणि खाली, 'यादीत टाकजा.'

जया चव्वेचाळीस वर्षांची. तिनं निरोप तीनदा वाचला आणि तिला वर्षाली आठवली. वर्षालीही चाळिशीपुढची, दवाखान्यात नोकरीला, पण स्टेजवर उभी राहिली की बाकीचे दिसेनासे होतात. जयानं स्वतःचं नाव तेवढं आदेशला कळवून टाकलं. पुढच्या दोन्ही मंगळवारी यादी वेळेवर गेली, फक्त त्या नाटकाचा तीत पत्ता नव्हता. जया वाफ्यांना पाणी देताना संवाद घोकायची आणि मनाला समजवायची, की नऊ वर्षांत एकदा आपलं पाहिलं तर काय बिघडलं.

निवडीच्या चार दिवस आधी आदेशचा फोन आला.

"जयाताई, निवड रद्द करून राह्यलो. एकच नाव आलं, तेबी तुमचंच. तुमच्या यादीत असूनबी बाया येत नाई म्हणजे काय समजावं? ते पात्र आता मास्तराचं करतो. बाईचं कामच नको."

आपल्यामुळे जिल्ह्यातल्या साऱ्या बायांवर ठपका आला, याची जयाला लाज वाटली.

"भाऊ, बाया येतीन कशा? म्या यादीत टाकलंच नाई."

"शनिवारपर्यंत थांबतो," एवढंच म्हणून आदेशनं फोन ठेवला.

त्याच दिवशी, बुधवारी, नेहमीचा वार नसताना, यादी गेली. शेवटी जयानं लिहिलं होतं, 'ही बातमी मी बारा दिवस दाबून ठेवली. चूक माझी.' लोकांनी सवयीप्रमाणे अंगठ्याचं चित्र पाठवलं. शेवटपर्यंत वाचायची पद्धत या मंडळींत नाही. वर्षालीनं मात्र वाचलं.

रविवारी सेवाग्रामला हॉलबाहेर सात बाया बसल्या होत्या. वर्षाली सरकून जयाजवळ आली.

"काऊन दाबून ठेवलं व ताई?"

"मले पाह्यजे होतं."

"मंग तसं सांगायचं नं. मी आलीच नसती."

असं मिळालेलं मला नको, असं ताठ मानेनं म्हणायची सोय जयानं ठेवलीच नव्हती. तसंच घ्यायला तर ती निघाली होती.

"नाई," ती म्हणाली. "तू आली हे बेस झालं."

आदेशनं सगळ्यांना एकदमच आत बसवलं आणि एकेकीला पुढे बोलावलं. जया तिसरी उठली. इतके दिवस नुसत्या मेथीनं ऐकलेले संवाद पहिल्यांदा माणसांपुढे आले. काम खरंच चांगलं झालं. बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपण आया-मावश्यांपुरत्या नव्हतो हे जयाला त्या दिवशी पक्कं कळलं. मग वर्षाली उठली. तिचं त्याहून चांगलं झालं, आणि तेही सगळ्यांच्या आधी जयालाच कळलं.