वाघजाईवाडीचा तराफा

चाकणच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्यापलीकडं वाघजाईवाडी आहे. तिथल्या तराफ्यावर सयाजी एकोणीस वर्षं चालक होता. भोसरीच्या एका शेडमध्ये घडवलेले तुकडे ट्रेलरवरून आणून काठावर जोडले, त्या दिवसापासून सुकाणू त्याच्याच हातात. तराफ्यावर दोन पिकअप आणि डझनभर मोटारसायकली मावायच्या. कडेनं बाकं होती, वर पत्रा होता, पिण्याच्या पाण्याचा माठ होता. अवघडलेल्या बायांना टेकता यावं म्हणून सयाजीच्या बायकोनं, यशोदाबाईनं, एका कोपऱ्याला जुन्या लुगड्याचा पडदा शिवून लावला होता. चाकणच्या कारखान्यांतल्या पहिल्या शिफ्टची पोरं वीस मिनिटांत पार व्हायची. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालून घाटातून बेचाळीस किलोमीटर.

गेल्या वर्षी एका सोमवारी भर पाण्यात तराफा डावीकडं कलला. सयाजीनं तराफा तरंगवणाऱ्या खालच्या पोकळ टाकीचं झाकण उचकटलं, तर आत गुडघाभर पाणी.

"गाड्या उजवीकडं ढकला! बोंबलू नका, ढकला!"

पंप लावून त्यानं कसाबसा काठ गाठला. वर एकतीस माणसं होती. सगळी उतरून गेली तरी त्याला सुकाणूवरची बोटं सोडवेनात.

आठवड्यानं तपासणीला सरकारी साहेब आले. सरपंच यशवंतराव सयाजीला डोळ्यानं खुणावत होते. तराफा बंद झाला तर वाडी तुटणार, हे सयाजीलाही कळत होतं. त्याच्या घरात तर यशोदाबाईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला चाकणला डायलिसिसला न्यावं लागायचं.

"पाणी येतं का आत?" साहेबांनी विचारलं.

"येतं," सयाजी म्हणाला. "पत्रा खालून सडलाय."

त्याच दुपारी तराफ्याला साखळी पडली, सील लागलं. दुरुस्तीचा कागद वर गेला तो वरच राहिला. महिन्याभरात वाडीतल्या नऊ पोरांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातला विक्की पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमच्या एका शब्दानं आमचं वाटोळं झालं."

सयाजी तिथून उठला. घरी आला तर यशोदाबाई भिंतीला टेकून बसलेली, पाय सुजून खांबासारखे झालेले.

"खरं बोलायच्या आधी मला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली.

त्यानं तिच्या पायांखाली उशी सरकवली.

डायलिसिसला आता दुधाच्या पिकअपमधून, घाटातून जायचं. एका मंगळवारी पिकअप आलाच नाही. शुक्रवारी सकाळी निरोप आला की घाटात दरड पडलीय, रस्ता बंद. यशोदाबाईला धाप लागली होती, आडवं होता येत नव्हतं. मासे धरणाऱ्यांचे थर्माकोलचे तुकडे होते, पण त्यावर एका धडधाकट माणसानंच कसंबसं बसायचं. सयाजीनं पहार घेतली, पाण्याच्या काठावर गेला, साखळी तोडली आणि यशोदाबाईला आणून पडद्याआड बसवलं.

इंजिनाचा आवाज ऐकून वाडी धावली. कुणी मोटारसायकल आणली, कुणी नुसती पिशवी घेऊन.

"कुणी चढायचं न्हाई!" सयाजी आडवा आला. "फकस्त ही."

"तुमच्या बायकोला चालतो, आमाला न्हाई व्हय?" विक्की ओरडला.

"ती तशीबी मरतीया, विक्की. तुमी न्हाई." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पडद्याआडून तिनं ऐकलंय.

सयाजी चढायची पुढची लोखंडी फळी उचलत होता, तोच विक्कीनं वर उडी मारली आणि पंपाचा दांडा धरला. सयाजीनं त्याला ढकललं नाही. निम्म्या वाटेत पंप पुरेना. विक्की बादलीनं पाणी उपसत राहिला, शिव्या देत राहिला. डावी बाजू पाण्याला टेकली. माठ घरंगळून गेला. यशोदाबाई बाकाचा पाय धरून बसली होती, एकदाच म्हणाली, "माघारी फिरू नगा." पैलतीर वीस हातांवर असताना तराफा गाळात बसला. दोघांनी तिला हातांची पालखी करून, छातीभर पाण्यातून काठावर नेलं.

चाकणला वेळेत डायलिसिस झालं, ती वाचली. सील तोडल्याबद्दल सयाजीवर गुन्हा दाखल झाला, काम गेलं. सरपंचांनी निरोप धाडला: इतक्यात वाडीला येऊ नका, लोक तापलेत. चौकशीत विक्कीनं सांगितलं की साखळी तोडताना तोही होता. तसं नव्हतं. सयाजीनं फोन केला, तर विक्कीनं तो उचलला नाही.

आता नवरा-बायको चाकणला लागून असलेल्या मेदनकरवाडीत एका खोलीत राहतात, दवाखाना चालत जाण्याजोगा आहे म्हणून. सयाजी एका कंपनीच्या गेटवर कंटेनर रांगेत लावतो. शिट्टी फुंकतो, हात हलवतो. तराफा तिकडं गाळातच आहे, त्याच्यावर आता बगळे बसतात असं कुणी सांगितलं. वाडीला अजून रस्त्यानंच जावं लागतं.

परवा डायलिसिसच्या खाटेवर यशोदाबाईनं विचारलं, "त्या दिशी सगळ्यांस्नी घेतलं असतं तर?"

"बुडालो असतो."

"नक्की?"

सयाजीनं रक्त फिरणाऱ्या नळीखालची चादर सरळ केली.

"नक्की न्हाई," तो म्हणाला. "पाणी उपसायला हातबी जास्ती असते."